आजोबांची १९७४ची फियाट रिस्टोअर करताना सगळं ओरिजिनल ठेवावं, की फ्लोअर गिअर, एसी, डिस्क ब्रेक टाकून घ्यावेत?

तुमच्या प्रश्नात फ्लोअर गिअर आहे, एसी आहे, डिस्क ब्रेक आहेत. गाडीचा पत्रा कसा आहे, हे मात्र कुठेच नाही. फियाटच्या बाबतीत निम्मं उत्तर तिथेच असतं.

या गाडीला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. बॉडी हीच चासी. इटलीत १९५३ला फियाट ११०० आली तेव्हापासूनचीच ही रचना, आणि कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्याने ती शेवटपर्यंत चालवली. त्यामुळे तळाचा पत्रा, दरवाजांखालचा उंबरठ्यासारखा भाग आणि जॅक लावायची जागा गंजली असेल, तर गाडीचं हाडच गेलेलं असतं. रबरी मॅट उचला आणि स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टणटण वाजलं तर ठीक. भाकरीत बोट जावं तसा आत गेला, तर एसीचे पैसे आधी टिंकरला, म्हणजे पत्राकाम करणाऱ्याला, द्यावे लागणार.

आता ओरिजिनल की मॉडिफाय. आमच्याकडे वडिलांनी सेकंडहँड घेतलेली १९७८ची आहे. तिच्यावर मी दोन्ही प्रकारचे उद्योग केलेत, म्हणून सांगतो. जे काम पान्याने होतं आणि पान्यानेच परत निघतं, ते बिनधास्त करा. ज्याला गॅस कटर लागतो, त्याला नाही म्हणा.

हे शहाणपण मला फ्लोअर गिअरने दिलं. २००९ला गिअर अडकतो म्हणून, आणि थोडं हौसेनेही, स्टिअरिंगवरचा हँड गिअर काढून टाकला. त्यासाठी मधला पत्रा कापला. लिव्हर आडवा येतो म्हणून पुढची सलग सीट गेली, तिच्या जागी दुसऱ्या कुठल्या तरी गाडीच्या दोन बकेट सीट आल्या. हँड गिअरचं सगळं लिंकेज, म्हणजे लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतचे दांडे, गॅरेजवाल्याने भंगारात दिलं, मला न विचारता. पण खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं. गाडी चालायची छान. फक्त आत बसलं की ती आमची वाटायची नाही. आई पुढे बसायची बंद झाली. तिघं जण पुढे बसून जेजुरीला जायची सवय होती, ती सीटच राहिली नव्हती.

२०१७ला सगळं उलटं करायला घेतलं. नाना पेठेत लिंकेजचे सुटे भाग मिळाले, पण पूर्ण जोड मिळेना. शेवटी मुंबईत भंगारात निघालेल्या टॅक्सीवरून तो जमवला, त्यात वर्ष गेलं. तेव्हा निदान टॅक्सी तरी होत्या. शेवटची पद्मिनी (याच फियाटचं नंतरचं नाव) टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत पास झाली होती. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ला संपली आणि तो झराही आटला. कापलेल्या जागी मारलेलं ठिगळ आजही मॅटखाली हाताला लागतं. गंमत म्हणजे ज्या तक्रारीसाठी हा खटाटोप केला, ती गिअर अडकण्याची तक्रार लिंकेजचे झिजलेले बूश बदलले असते तरी गेली असती.

डिस्क ब्रेकचंही थोडंफार असंच. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक आहेत म्हणून ब्रेक लागत नाहीत असं नसतं. बहुतेक वेळा व्हील सिलिंडर गळत असतो, रबरी नळ्या फुगलेल्या असतात किंवा लायनर तेलकट झालेले असतात. आधी हे सगळं नवं करा, ड्रम टर्न करून घ्या आणि मग गाडी घाटात उतरवून बघा. एसीबद्दल एवढंच, की १०८९ सीसीचं, चाळीसेक हॉर्सपॉवरचं इंजिन आहे. कॉम्प्रेसर लावून खंबाटकी चढताना तुमची नजर रस्त्यापेक्षा टेम्परेचरच्या काट्यावर जास्त राहील.

याउलट काही ठिकाणी ओरिजिनलचा हट्ट हा निव्वळ अडाणीपणा आहे. डायनॅमो काढून अल्टरनेटर लावा. हेडलाइटला रिले टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुन्या रबराला ते मानवत नाही. तेव्हा पेट्रोलच्या नळ्या आणि कार्ब्युरेटरचं किट इथेनॉलला चालेल असंच घ्या. काढलेला डायनॅमो ग्रीस लावून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा, कुणी कितीही भाव दिला तरी विकू नका. सीट बेल्टसाठी मात्र मी माझाच नियम मोडला. खांबाला भोक पाडलं, आतून जाड पट्टी वेल्ड केली आणि बेल्ट बसवले. त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

रंगाचा घोळ वेगळाच. आमची गाडी मला आठवतं तेव्हापासून पांढरी. टिंकरने ओला वॉटर पेपर घासला, तर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं निघाली: वर पांढरा, त्याखाली मेंदी, त्याखाली बोटभर जाड लांबी (खड्डे भरायची पुट्टी), मग लाल प्रायमर. मागची सीट काढल्यावर कोपऱ्यात वीतभर जागा कुणीच रंगवली नव्हती. तिथे फिकट निळा होता. म्हणजे कारखान्यातून ती निळी आली, वडिलांकडे पांढरी होऊन आली. ओरिजिनल कुठला म्हणायचा? मी पांढराच ठेवला. आरसी बुकातही पांढराच होता, म्हणजे आरटीओचीही कटकट नव्हती. निळा हवा असता तर आधी आरसीवर नोंद करावी लागली असती.

कागदांचा विषय निघालाच आहे तर तुमच्या गाडीचं बघा. १९७४ची म्हणजे पन्नाशी उलटली. जुलै २०२१च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ येतं, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण मग ती रॅलीला, प्रदर्शनाला, फार तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची. रोज ऑफिसला न्यायची असेल तर हा रस्ता तुमचा नाही, नेहमीची नोंदणीच पुढे चालू ठेवा. इंजिनबदलाला मात्र दोन्हीकडे कात्री लागते. व्हीए तर विसराच, आणि साध्या नोंदणीवरही आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन बदलता येत नाही. मूळ तपशिलापेक्षा वेगळं ठरेल असं काही करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची आडकाठी आहेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ला हे पुन्हा बजावलं आहे.

आणखी एक. प्रीमियर हीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ म्हणून विकायची, तिचं नाव ‘पद्मिनी’ झालं ते नेमकं १९७४च्याच सुमारास. तुमच्या डिकीवर कुठलं नाव आहे ते बघा, आणि ती डिकी त्याच गाडीची आहे का, तेही. पार्टवाले ‘ओरिजिनल’ म्हणून जे देतात ते कंपनीचं असतं, पण तुमच्या सालातलं असेलच असं नाही. ऐंशीच्या दशकातली ग्रिल १९७४च्या तोंडावर बसवलेल्या गाड्या मी रॅलीतसुद्धा पाहिल्यात.

आणि गाडी टिंकरकडे टाकण्याआधी चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या, इंजिन नंबरचाही घ्या, दोन्हींचे फोटो काढा. आमच्या टिंकरने ग्राइंडर त्या नंबरापासून दोन बोटांवर थांबवला होता, तोसुद्धा चहा आला म्हणून.