घरून लेखनाचं काम करताना लक्ष कसं टिकवता? शिस्त कशी लावता?

तुम्ही लिहिलंय की नोकरी सोडून तीन महिने झाले, दिवसभर लॅपटॉपपुढे बसता आणि रात्री बघता तर हजार शब्दही झालेले नसतात. मी नागपुरात नऊ वर्षं घरूनच लिहिते. अनुवाद, जाहिरातींचा मजकूर, माहितीपटांच्या संहिता, आणि जमलंच तर दिवाळी अंकासाठी एखादी कथा. तुमचा प्रश्न वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं. माझाही घोळ तोच होता: दिवसभर बसणं.

वेळापत्रक मीही केलं होतं, रंगीत पेनांनी, सकाळी साडेपाच ते रात्री नऊ. चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी पाहुणे आले.

मला वळण लावलं ते कूलरने. थट्टा नाही करत. नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ अंशांच्या आसपास, दुपारी कूलरसमोरून हलायची सोय नाही. आमचा खिडकीतला जुना लोखंडी कूलर आहे. हवा कोरडी, त्यामुळे खसेतलं पाणी भराभर उडतं आणि भरलेली टाकी ऐन दुपारी जेमतेम साडेतीन तास पुरते. पाणी तळाला गेलं की पंप गुरगुरायला लागतो. पहिल्या उन्हाळ्यात ते गुरगुरणं ऐकू येत असूनही मी फोनवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत बसले होते. पंप कोरडा चालला आणि जळला. नवा आणायला भर दुपारी तोंडाला दुपट्टा गुंडाळून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जावं लागलं, तेव्हा डोकं ठिकाणावर आलं.

तेव्हापासून टाकी भरली की बसायचं, पंप बोलला की उठायचं. मधे फक्त प्यायच्या पाण्यासाठी. यातलं उठायचं हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते कुणी सांगत नाही. संध्याकाळपर्यंत वेळच वेळ आहे असं वाटलं की माझे पहिले दोन तास बातम्या वाचण्यात जातात. टाकी अर्धी झालीय हे ठाऊक असलं की वाक्य सुचतं. वाक्य अर्धवट राहिलं तरी पंप बोलला की उठते. दुसऱ्या दिवशी ते पूर्ण करण्याच्या निमित्ताने तरी सुरुवात होते.

पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी, ही पोमोडोरो पद्धत तुम्हाला कुणीतरी सांगेलच. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने ती विद्यार्थी असताना काढली, स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवरून. पोमोडोरो म्हणजे टोमॅटो. अनुवादाला मला ती चांगली चालते, कारण परिच्छेद संपला की थांबता येतं. कथेला नाही. माझा हात बसायलाच वीस मिनिटं लागतात आणि लगेच घंटा वाजते.

फोन मी फ्रिजवर ठेवते. बघायचा तर उठून जायचं आणि उभ्यानेच बघायचा. उभ्याने माणूस फार वेळ रील बघत नाही, पाय दुखतात.

आता खरी अडचण. तुम्ही तिच्याबद्दल लिहिलेलं नाही, पण असणारच. घरच्यांच्या लेखी तुम्ही कामावर नसताच. सिलिंडरवाला, कुरिअर, शेजारच्यांची किल्ली, नणंदेचा फोन, सगळ्यांना एकच ठाऊक: ही घरीच असते. मी दार लावून बघितलं, तर आई (माझ्या सासूबाई) दर अर्ध्या तासाने हळूच दार ढकलून विचारायच्या, 'झोपली काय?' समजावून सांगितलं, तोंड फुगवून झालं, उपयोग शून्य. शेवटी एक दिवस बाहेर जायचं होतं म्हणून गाऊन बदलून कुडता घातला, ओढणी घेतली, आणि जाणं रद्द झालं म्हणून तशीच लिहायला बसले. त्या दिवशी एकदाही दार ढकललं गेलं नाही. संध्याकाळी आई नणंदेला फोनवर सांगत होत्या, 'नाही बा, तिचं आज ऑफिस सुरू होतं.' तेव्हापासून लिहायच्या वेळी कुडता. 'घरातही नीट कपडे घाला, मन कामात लागतं' असं लोक सांगतात; माझ्या मनाला काडीचा फरक पडत नाही, घरच्यांना पडतो. सिलिंडर अजूनही मीच घेते, पण निदान कुणीतरी आधी 'उठतेस का' म्हणून विचारतं.

कूलरचा तोटा असा की पावसाळा लागला, हवा दमट झाली, की तो नुसता चिकचिक करतो. बंद करावा लागतो आणि माझं घड्याळ जातं. दिवाळी अंकांचे संपादक मजकुरासाठी मागे लागतात ते नेमके याच दिवसांत. दोन वर्षं जुलै-ऑगस्ट पार वाया गेले. आता त्या महिन्यांत आठवड्यातून दोनदा मेट्रोत बसते. सुभाषनगरहून ॲक्वा लाइनने थेट प्रजापतीनगर आणि परत. नवं काही लिहीत नाही, छापून घेतलेला मसुदा आणि लाल पेन. अंबाझरी तलाव मागे पडला की मान खाली घालायची, प्रजापतीनगर येईपर्यंत वर बघायचं नाही. तिकिटाच्या पैशात इतकी एकांताची जागा मला नागपुरात दुसरी सापडलेली नाही. गर्दीच्या वेळी मात्र जाऊ नका, शेजारचा माणूस तुमच्याआधी पान वाचून संपवतो.

राहता राहिले तुमचे हजार शब्द. हा आकडा कुठून आणलात ते लिहिलेलं नाही. मला पहिल्या वर्षी दिवसाला चारशे जमायचे, आणि एक दिवस बुडाला म्हणून दुसऱ्या दिवशी आठशे करायला गेले की दोन्ही दिवस बुडायचे. आजही सातशेच्या वर गेले तर त्यातले निम्मे दुसऱ्या दिवशी खोडावे लागतात.