त्याचे बाबाही उशिराच बोलले होते

प्रश्न : मुलगा दोन वर्षांचा झाला. ‘आई’, ‘दे’, ‘नको’ असे पाच-सहा शब्दच बोलतो. मोबाइल लावल्याशिवाय घास घेत नाही. सासूबाई म्हणतात, त्याचे बाबाही उशिराच बोलले होते. आणखी थोडं थांबावं का?

उत्तर : थांबू नका. दोन वर्षांचं मूल ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडायला लागलेलं असतं. तुमचा मुलगा अजून जोडत नसेल, तर सर्वांत आधी कान तपासून घ्या. हाक मारली की बघतो, एवढ्यावर समाधान मानू नका. काही मुलांना मोठे आवाज कळतात आणि बोलण्यातले बारीक आवाज निसटतात. ऐकू नीट येतं का हे पाहायला ओएई आणि गरज पडली तर बेरा, या दोन्ही तपासण्यांत काही दुखत नाही. तो नजरेला नजर देतो का, हवी ती वस्तू बोटानं दाखवतो का, हेही डॉक्टरांना सांगा. खर्चाची अडचण असेल तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत होते.

आता मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं, की दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, आणि कमी असेल तेवढं चांगलं. मला स्वतःला जेवताना तर अजिबात नको वाटतो. मोबाइल सतत बोलतो, पण मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. तुम्ही थांबू शकता. भाजी निवडताना त्याला शेजारी बसवा. ‘ही मेथी. तुला देऊ?’ असं विचारा आणि गप्प राहा. तो हात पुढे करेल, काहीतरी आवाज काढेल, त्याला उत्तर द्या. हे गप्प राहणंच आपल्याला फार जड जातं. मोबाइल बंद केलात की काही दिवस रडारड होईल, दोन घास कमी जातील. निरोगी मूल भूक लागली की खातं. आणि सासूबाईंशी वाद घालू नका. जेवताना चिऊ-काऊची गोष्ट सांगायचं काम त्यांच्याकडेच द्या.

प्रश्न : आम्ही बंगळुरूला असतो. घरी मराठी, पाळणाघरात कन्नड आणि इंग्रजी. मुलगी गोंधळेल का?

उत्तर : नाही. अनेक भाषांमुळे बोलणं लांबत नाही. तुम्ही मराठीतच बोला, अगदी निर्धास्त.

प्रश्न : नातू आठ महिन्यांचा आहे. हौसेनं वॉकर आणला, पण सून वापरू देत नाही.

उत्तर : सूनबाईंचं बरोबर आहे, आजोबा. वॉकरनं मूल लवकर चालत नाही. उलट क्षणात जिन्यापाशी किंवा गरम चहापाशी पोहोचतं. कॅनडानं २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. सतरंजी अंथरा, रांगू द्या. पुढे तो आधाराशिवाय उभा राहू लागला की आपला लाकडी पांगुळगाडा आणा. तो मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. त्या वेळी तुम्ही मात्र शेजारी हवेत.

प्रश्न : बाळाला सहा महिने पूर्ण झाले. डाळीच्या पाण्यापासून सुरुवात करू का? आणि गुटी मधातून देतो, ती चालू ठेवावी का?

उत्तर : डाळीच्या पाण्यानं पोट भरतं, अंगी फारसं काही लागत नाही. डाळच घोटून द्या, मऊ भातात कालवून, वर थोडं तूप. घास चमच्यावरून ओघळून पडू नये इतका दाट असावा. अंगावरचं दूध चालू ठेवा. मध मात्र आजच थांबवा. त्यात बोट्युलिझम या गंभीर आजाराचे जिवाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. बाळ मलूल वाटलं, चोखणं मंदावलं किंवा शी अडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि मध दिला होता हे आवर्जून सांगा.