पिशवी लावून वारीला जाता येईल का?

सिस्टरला विचारा

पोटावर पिशवी असलेल्या तिघांची पत्रं या महिन्यात एकदम आली. ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑपरेशन करून आतड्याचं तोंड पोटाच्या कातडीवर आणतात, त्याला आम्ही स्टोमा म्हणतो. लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टोमी, मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टोमी. शौच तिथून पिशवीत जमा होते. मुंबईतल्या एका रुग्णालयात स्टोमा सिस्टर म्हणून माझी उभी नोकरी या पिशव्यांपाशी झाली, म्हणून संपादकांनी पत्रं माझ्याकडे धाडली.

प्रश्न : राम कृष्ण हरी, सिस्टर. वय ५९, फलटण तालुक्यात शेती आहे. दिवाळीनंतर ऑपरेशन होऊन मोठं आतडं काढलं. उजव्या बाजूला कायमची पिशवी आहे. वडिलांपासून घरात माउलींची वारी आहे. मी दिंडीत पखवाज वाजवतो. गेल्या आषाढात आजारपणामुळे वारी चुकली. यंदा मुलं म्हणतात, आता देव्हाऱ्यासमोरच हात जोडा. चालू का? आणि पिशवी असताना गळ्यात तुळशीची माळ कशी चालते, असं गावातल्या एकाने विचारलं. ते फार लागलं.
– एक वारकरी

उत्तर : काका, राम कृष्ण हरी. माळेचं आधी उरकते. मी काही कीर्तनकार नाही, पण नोकरीत माणसाचं पोट आतून-बाहेरून पाहिलंय. तुमच्या पिशवीत जे आहे तेच विचारणाऱ्याच्याही पोटात आहे. माळ राहू द्या.

आता चालण्याचं. आधी तुमच्या सर्जनला एकदा पोट दाखवून घ्या. त्यांनी हरकत घेतली नाही, तर चाला. पण आळंदीपासून पंढरपूरपर्यंत, सुमारे अडीचशे किलोमीटर, या वर्षी नको. तुमचं गाव वाटेवरच आहे, त्याचा फायदा घ्या. लोणंद ते तरडगाव ही मजल छोटी आहे, आणि चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगणही मिळतं. तेवढी चाला. रात्री अंग कसं आहे ते बघा. ठीक वाटलं तर दुसऱ्या दिवशी तरडगावाहून फलटणला पालखीबरोबरच या. ही मजल पहिलीच्या दुपटीहून मोठी आहे, तेव्हा मधे थकलात तर गाडीत बसायची लाज धरू नका. मुलांनाही सांगा, बाबा शेवटी घरीच येणार आहेत.

तयारी आजपासून करा. सकाळी उन्हं तापायच्या आत, सडकेच्या कडेने अर्धा तास. बांधावरून किंवा ढेकळांतून नको, पाय मुरगळतो आणि पोटाला हिसका बसतो. चालताना हरिपाठ म्हणता आला पाहिजे. धाप लागून अभंग तुटायला लागला की वेग जास्त झाला. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत न्या.

तुम्हाला खरी भीती पिशवी सुटण्याची वाटत असेल. मला मात्र तुमच्या मिठाची काळजी आहे. जेवणातलं पाणी आणि मीठ शेवटी शोषून घ्यायचं काम मोठं आतडं करतं, आणि तुमचं तर काढलेलंच आहे. नेहमीच्या दिवशीही तुमच्या पिशवीत अर्धा ते एक लिटर पातळ पदार्थ येतो आणि त्याच्याबरोबर मीठ जातं. वर चालण्याचा घाम. अशा वेळी माणसं तहान लागली म्हणून तांब्यावर तांब्या साधं पाणी पितात. त्याने पिशवी आणखी पातळ होऊन भरते आणि मीठ आणखीच धुऊन जातं. म्हणून ओआरएस घ्या. एका लिटरचं पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. चिमूटभर पूड पेल्यात टाकून ढवळायची नाही, त्याने प्रमाण बिघडतं. ते घोट घोट दिवसभर पुरवा, दुसऱ्या दिवशी नवं करा. मीठ घातलेलं ताकही चांगलं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं पण मीठ कमी, त्यामुळे शहाळं प्यायलो म्हणजे झालं असं समजू नका. वाटेत दर शंभर पावलांवर कुणीतरी भक्तिभावाने चहा पुढे करतो, त्यातला एखादाच घ्या. साखरेचा, किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा बीपीसाठी लघवी जास्त करणारी गोळी चालू असेल, तर मीठ-पाण्याचं हे गणित आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. चक्कर, पायात गोळे, लघवी गडद आणि थोडी, यातलं काही दिसलं की चालणं तिथेच थांबवायचं.

खाण्यात दोन गोष्टी सांभाळा. पावसात भाजलेलं कणीस हातात आलं की मोह आवरत नाही, पण मक्याचे दाणे लहान आतड्याच्या तोंडाशी अडकून बसतात. वाटेत एकादशी आली तर साबुदाणा खुशाल खा, त्याने पिशवीतलं जरा घट्टच होतं. खिचडीतले शेंगदाणे मात्र बारीक कूट करून घालायला सांगा. चार-सहा तास पिशवीत काहीच आलं नाही, पोटात कळा येतायत, उलटी होतेय, तर ते अडकलं आहे. दवाखाना गाठा. स्टोमा लालचा जांभळा-काळा दिसायला लागला तरीही तेच.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. भरेपर्यंत थांबलात की वजनाने ती चिकटलेल्या जागेवरून ओढली जाते. चिकटणारी चकती, म्हणजे फ्लॅन्ज, निघायच्या आदल्या दिवशी सकाळी चहाच्याही आधी बदला, तेव्हा स्टोमा शांत असतो. भोवतालचे केस कात्रीने बारीक करा, कातडी साध्या पाण्याने धुऊन खडखडीत कोरडी करा, फ्लॅन्ज लावल्यावर वरून तळहात थोडा वेळ दाबून धरा. हाताच्या उबेने ती घट्ट बसते. खोबरेल तेल नाही, पावडर फासणं नाही. पुष्कळ घरांत खाज सुटली की तेल लावतात आणि मग पिशवी टिकत नाही म्हणून कंपनीला शिव्या घालतात. जादा पिशव्या, आधीच मापाने कापलेल्या चकत्या, पाण्याची बाटली, मऊ कापड, वर्तमानपत्राचे कागद आणि कॅरीबॅग हे सगळं खांद्यावरच्या पडशीत ठेवा, दिंडीच्या ट्रकमध्ये नको. तुम्हाला गरज पडेल तेव्हा ट्रक पुढच्या मुक्कामी गेलेला असतो, आणि उन्हात तापलेल्या ट्रकमध्ये चकतीचा डिंक खराब होतो तो वेगळाच.

आणि पखवाज. भार मानेवर असला तरी त्याचं खोड पोटावरच आपटतं, चालता चालता तर प्रत्येक पावलाला. शिवाय स्टोमाला दुखण्याची जाणीव नसते, तेव्हा घासून रक्त आलं तरी तुम्हाला कळायचं नाही. यंदा हातात टाळ घ्या. मुक्कामाला भजनात बसून, पखवाज पुढ्यात जमिनीवर ठेवून वाजवायला माझी ना नाही.

प्रश्न : वय ३६, नाशिकला असते. गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दहा महिने झाले, डाव्या बाजूला कायमची कोलोस्टोमी आहे. घरी जाताना ‘जड उचलू नका’ एवढंच सांगितलं, किती दिवस आणि जड म्हणजे किती, ते नाही. सासूबाई तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. वजन वाढलंय. मी पूर्वी रोज सूर्यनमस्कार आणि कपालभाती करायचे. हल्ली खोकले की पिशवीशेजारी फुगवटा येतो.

उत्तर : ताई, शेवटच्या एका वाक्यात तुम्ही सगळ्यात महत्त्वाचं सांगितलंत. तो फुगवटा या आठवड्यात सर्जनना दाखवा. स्टोमा तयार करताना पोटाच्या स्नायूत भोक पाडावंच लागतं, तिथून आतडं बाहेर ढकललं जाऊन हर्निया होऊ शकतो. तो असला म्हणजे लगेच ऑपरेशन असं नाही, पुष्कळांना मापाचा पट्टा आणि नीट शिकवलेला व्यायाम पुरतो. पण पट्टा मेडिकलमधून अंदाजाने आणू नका. तो चुकीचा बसला तर पिशवीत उतरणारं अडतं.

घरी सोडताना जे अर्धवट सांगितलं जातं त्याचा मला राग आहे. पहिले सहा ते आठ आठवडे दोन-तीन किलोच्या वर उचलायचं नाही, त्यानंतर हळूहळू वाढवायचं, हे सांगायला किती वेळ लागतो? ‘जड उचलू नका’ एवढं ऐकून बाई वर्षभर सोफ्यावर बसते, पोटाचे स्नायू आणखी सैल होतात आणि हर्नियाला वाट मोकळी होते. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा. तांब्या उचला, कणीक मळा, भाजीची पिशवी दोन हातांत वाटून आणा. गॅसचा सिलिंडर मात्र नको. आतला गॅसच १४.२ किलो, वर लोखंडाचं वजन. तो घरातला पुरुष उचलेल.

डॉक्टरांनी पोट तपासलं की इथून सुरू करा. सतरंजीवर उताणं झोपा, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर. श्वास घ्या. तोंडाने हळू सोडताना बेंबी पाठीच्या कण्याकडे ओढायची आणि कंबरेखालची पोकळी सतरंजीला टेकवायची. तीनपर्यंत मोजून सोडा. एक हात स्टोमाशेजारी ठेवा. तिथे हाताखाली फुगवटा जाणवला तर जोर जास्त लागतोय. जमलं की दोन्ही गुडघे जोडून सावकाश डावी-उजवीकडे कलते करा. दिसायला हा व्यायाम पोरखेळ वाटतो, पण पोटाच्या सगळ्यात आतल्या स्नायूला तोच जागं करतो. दिवसभरातही उठताना, वाकताना, काही उचलताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की तळहात स्टोमावर दाबून धरा.

कपालभाती बंद. पोटाला एवढे झटके तुम्हाला परवडणारे नाहीत. सूर्यनमस्कारातही साष्टांग आणि त्यापुढचं भुजंगासन सध्या वगळा, बाकीचं सर्जननी हिरवा कंदील दिल्यावर, पिशवी रिकामी करून, सावकाश. उठाबशा काढतात तसं उताण्यावरून थेट उठून बसायचं नाही. कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा, अगदी रोज सकाळी अंथरुणातूनसुद्धा. कुंथण्यानेही फुगवटा वाढतो, म्हणून बद्धकोष्ठ होऊ देऊ नका.

साडी नेसत असाल तर परकराची नाडी स्टोमाच्या वर किंवा खाली बांधा, मधोमध नाही. फिरायला जाताना कमरेला रुंद पट्टी असलेली सलवार जास्त सोयीची पडते, हा माझ्या पेशंट बायकांचा अनुभव.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, वय १९. अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार) तात्पुरती इलिओस्टोमी केली आहे, काही महिन्यांनी पुढचं ऑपरेशन. तालमीत जायचो. पुन्हा कधी जाऊ? आणि विहिरीत पोहलो तर चालेल का?

उत्तर : अरे बाळा, पिशवी आहे तोवर कुस्ती नाही. कमरेची पकड, पट काढणं, पोटावर पडणारा समोरच्याचा भार, यातलं काहीच तुझ्या स्टोमाला झेपणार नाही. पण तालमीत जा. सर्जनची परवानगी असेल तर बिनवजनाच्या बैठका सुरू कर. जोर जमिनीवर नकोत, भिंतीला हात टेकून काढ. वस्ताद हसले तर त्यांना सांग की पुढच्या ऑपरेशनला पोटाचे स्नायू शाबूत हवेत, त्यासाठी चाललंय.

तुझाच आजार झालेला अमेरिकन फुटबॉलचा एक खेळाडू होता, रॉल्फ बेनिर्श्के. १९७९ मध्ये तो मरता मरता वाचला, पिशवी लागली, आणि १९८० मध्ये सॅन डिएगोच्या संघात परत आला. जानेवारी १९८२ मध्ये मायामीविरुद्ध जादा वेळेत गेलेला सामना त्याच्याच लाथेने ४१-३८ असा जिंकला. पण त्याचं काम चेंडूला लाथ मारण्याचं होतं, अंगावर येणाऱ्यांशी झोंबण्याचं नव्हे. तेवढा फरक लक्षात ठेव.

पोहायला हरकत नाही, जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांना विचारून. पाणी स्टोमातून आत शिरत नाही. आधी घरी टबात पिशवी लावून बसून बघ, चकतीची कड सुटते का. पिशवीला वास शोषणारं छोटं फिल्टर असेल तर त्यावर पाकिटातला स्टिकर लाव, भिजलं की ते निकामी होतं. जेवून लगेच उतरू नकोस, पिशवी रिकामी करून जा, आणि बाहेर आल्यावर कड टॉवेलने टिपून घे. वरून सूर मात्र मारायचा नाही, पायऱ्यांनी उतरायचं, काठावरचे मित्र काहीही ओरडू देत.