पाणपोईच्या अर्जाचा मसुदा वाचून

प्रिय बेटा,

तुझा मसुदा वाचला. दोन पानांपैकी दीड पान उन्हाळा, तहान आणि माणुसकी यांवर खर्च झालं आहे. तळमळ खरी आहे, ती ओळीओळीतून कळते. नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यांबाहेर भर दुपारी गडचिरोली, यवतमाळ, बालाघाटकडून आलेले नातेवाईक भिंतीच्या सावलीला टेकून बसलेले मीही बघते. पेशंट आत, हे बाहेर, आणि दिवसातून चारदा बाटली विकत घेणं परवडत नाही. तुम्ही पोरापोरींनी तिथं पाणपोई लावायचं मनावर घेतलं, याचं मला फार कौतुक आहे. म्हणूनच सांगते, हा अर्ज आहे तसा देऊ नकोस. तो नामंजूर होणार नाही कदाचित, पण नुसता पडून राहील. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होईल तेव्हाही तो कोणाच्या तरी टेबलावरच असेल.

अर्ज खिडकीतून आत गेला की त्याचं काय होतं, हे कोणी शिकवत नाही. माझी सगळी नोकरी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला गेली, म्हणून जरा खोलात जाते.

आवक शाखेत त्याच्यावर शिक्का बसतो, क्रमांक आणि तारीख पडते. मग तो डाकेच्या फायलीतून साहेबांसमोर जातो. साहेब कोपऱ्यात संबंधित विभागाचं नाव आणि 'तपासून सादर करा' असा शेरा मारतात. तिथून तो एका क्लार्कच्या टेबलावर येतो आणि खरं काम इथं सुरू होतं. क्लार्क टिपणी लिहितो. 'अर्जदार यांनी अमुक ठिकाणी, अमुक कालावधीसाठी, अमुक कारणास्तव परवानगी मिळणेबाबत विनंती केली आहे...' ही टिपणी एकेक सही घेत वर चढते. वर बसलेला माणूस बहुतेक वेळा टिपणीच वाचतो, तुझा अर्ज मागे टॅगला लावलेला असतो. म्हणजे तुझा खरा वाचक तो क्लार्क. त्याच्याकडे त्या दिवशी आणखी वीस-पंचवीस कागद असतात. तुझ्या मसुद्यातून त्याला टिपणी लिहायची म्हटली, तर जागा दुसऱ्या पानावर सापडते, तारखा 'संपूर्ण उन्हाळाभर' एवढ्याच आहेत, आणि किती जागा लागणार हे कुठेच नाही. असा कागद माणूस बाजूला ठेवतो. त्यात आकस नसतो. जो कागद सरळ पुढे सरकतो तो आधी हातात घेतला जातो, इतकंच.

दुसरी गोष्ट सहीची. परवानगी देणारा अधिकारी सही करतो म्हणजे त्या फुटपाथवर पुढे जे होईल ते थोडंफार आपल्या अंगावर घेतो. ओल्या फरशीवरून एखादी म्हातारी घसरली, गाड्यांना अडथळा झाल्याची तक्रार आली, माठांत डास झाले, जून संपला तरी बांबू आणि हिरवी जाळी तशीच उभी राहिली, की पहिला प्रश्न 'परवानगी कोणी दिली?' हाच येतो. तुझा अर्ज वाचताना त्याच्या मनात हे सगळं येणारच. त्याची उत्तरं अर्जातच असतील तर त्याचा हात सहीकडे जातो. नसतील तर तो 'स्थळ पाहणी करून अहवाल सादर करा' असा शेरा मारतो, आणि तुझे पंधरा दिवस गेले.

म्हणून आता एक परिच्छेद तुझा आणि एक माझा शेजारी शेजारी ठेवते. तू लिहिलंस, 'नागपूरच्या भीषण उन्हाळ्यात तहानलेल्यांना पाणी पाजण्यासारखे पुण्य नाही. तरी आमच्या या सामाजिक कार्यास आपण सहकार्य करावे ही नम्र विनंती.' मी असं लिहिलं असतं: 'धंतोली उद्यानाजवळील पदपथाच्या आतल्या कडेला ६ फूट लांब व ३ फूट रुंद जागेत दि. २० मार्च ते १५ जून या कालावधीत रोज सकाळी ९ ते सायंकाळी ६ पाणपोई चालविण्यास परवानगी मिळावी. पदपथाचा उर्वरित भाग पादचाऱ्यांसाठी मोकळा राहील. पिण्याचे पाणी २० लिटरच्या बंद जारमधून आणले जाईल व तोटीच्या, झाकण असलेल्या चार माठांत साठविले जाईल. सांडपाणी बादलीत जमा करून उद्यानाजवळील गटारात सोडले जाईल. दर रविवारी माठ पूर्ण रिकामे करून, घासून कोरडे केले जातील. १५ जूननंतर तीन दिवसांत सर्व साहित्य हटवून जागा पूर्ववत स्वच्छ करून देण्याची जबाबदारी आमची राहील.'

यात पुण्याचा शब्द नाही, तरी काम किती मनापासून चाललं आहे ते दिसतं. रविवारचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा भांडं कोरडं केलं तर ती साखळी तुटते. आरोग्य विभागाला विचारायची वेळ आलीच, तर त्यांच्या माणसाला हे वाक्य पाहून बरं वाटेल. मात्र लिहिलं ते पाळायचं. रविवारी तुमच्यातलं कोण येणार हे आधी ठरवा, मगच ते वाक्य ठेवा. जमणार नसेल तर काढून टाका.

फुटांचे आकडे मी अंदाजाने टाकले आहेत. तू जाऊन टेपने मोज. फुटपाथ किती रुंद आहे, तेही मोज. धंतोलीत पार्किंगचं दुखणं जुनं आहे, तिथं चालणाऱ्याची वाट अडवणारी कुठलीही गोष्ट लोकांना खुपते आणि ते बरोबरच आहे. स्ट्रेचर किंवा व्हीलचेअर आरामात जाईल एवढी वाट उरत नसेल तर ती जागाच बदल.

आता अर्ज कोणाच्या नावे द्यायचा. तू 'मा. आयुक्त' लिहिलं आहेस. वरूनच गेलं की काम लवकर होतं असं सगळ्यांना वाटतं. तो कागद वरून खाली झोनमध्येच उतरणार, आणि त्या उतरण्यातच दिवस जाणार. आपल्या महानगरपालिकेचे दहा झोन आहेत, धंतोली हा चार क्रमांकाचा. तेव्हा 'प्रति, मा. सहायक आयुक्त, धंतोली झोन क्र. ४, नागपूर महानगरपालिका' असं लिही. पण त्याआधी जागा खरंच महानगरपालिकेची आहे का, ते झोनमध्ये तोंडी विचारून ये. आपल्या शहरात हा घोळ नेहमीचा आहे. काही जागा महानगरपालिकेच्या, काही १९३६ च्या कायद्याने आलेल्या नागपूर सुधार प्रन्यासच्या (शहराच्या विकासाचं काम बघणारी वेगळी संस्था), कस्तुरचंद पार्कावर कार्यक्रम करायचा तर जिल्हाधिकारी कार्यालय गाठावं लागतं, आणि सीताबर्डीच्या किल्ल्यावर सैन्याचा ताबा. मालक चुकला तर उत्तम लिहिलेला अर्जही 'आमच्या अखत्यारीत येत नाही' एवढ्या एका ओळीनिशी परत येतो. त्याच फेरीत वाहतूक पोलिसांचं ना हरकत पत्र लागेल का, हेही विचार. लागत असेल तर दोन्ही अर्ज एकाच दिवशी दे आणि एकमेकांची प्रत एकमेकांना जोड.

विषयाची ओळ एकच ठेव, पण त्या ओळीत काम, जागा आणि तारखा तिन्ही आल्या पाहिजेत. 'पाणपोईबाबत' एवढंच लिहिलं तर तक्रार आहे की मागणी, तेही कळत नाही.

उद्घाटनाला स्पीकर लावायचा आणि मोठा फ्लेक्स टांगायचा असं तू शेवटच्या ओळीत सहज लिहून टाकलं आहेस. हे दोन्ही काढ, असं माझं स्पष्ट मत आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम पाहिलेस तर स्पीकरला वेगळी लेखी परवानगी लागते, आणि दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. धंतोलीत एका दवाखान्यापासून १०० मीटर जायच्या आतच दुसरा दवाखाना लागतो. ज्यांच्यासाठी पाणी ठेवायचं, त्यांच्याच पेशंटच्या उशाशी भाषण कशाला? फ्लेक्सचंही तसंच, त्याला वेगळी परवानगी लागते आणि १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहेच. माठाशेजारी एक छोटी पाटी पुरे, तिच्यावर 'पिण्याचे पाणी' आणि एक फोन नंबर. एका अर्जात तीन मागण्या घातल्या की सगळ्यात अवघड मागणीपाशी तिन्ही अडकतात.

तुझी मैत्रीण अर्ज इंग्रजीत करू म्हणत होती, तिला सांग की मराठीतच करायचा. महानगरपालिकेचा कारभार मराठीत चालतो, २०२२ चा स्थानिक प्राधिकरणांचा राजभाषा अधिनियमही तेच सांगतो, आणि क्लार्कला तुझं वाक्य जसंच्या तसं टिपणीत उतरवता येतं. ही सोय फार मोठी आहे. तुझं वाक्य नेमकं असेल तर तेच वरपर्यंत जातं. मोघम असेल तर क्लार्क आपल्या समजुतीने लिहितो आणि मग मंजुरीही त्या समजुतीची मिळते.

भाषा मात्र उगाच जड करू नकोस. 'सविनय', 'कृपावंत व्हावे' यांची माळ लावायची गरज नाही. साहेब असतील तर 'महोदय', बाई असतील तर 'महोदया', आणि शेवटी 'आपला विश्वासू' किंवा 'आपली विश्वासू'. मधे साधं, स्वच्छ लिही. तू भीक मागत नाहीस आणि हुकूमही सोडत नाहीस. मसुद्यात एका ठिकाणी 'परवानगी न मिळाल्यास आम्ही माध्यमांकडे जाऊ' असं आहे, ते वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं. अजून कोणी नाही म्हटलेलं नाही. पहिल्याच कागदात धाक घातलास, तर जो माणूस मदत करणार होता तो सुद्धा सावध होतो आणि नियमाच्या प्रत्येक पोटकलमावर बोट ठेवत बसतो.

अर्जाला तीन कागद जोड. हाताने काढलेला जागेचा नकाशा, त्यात उद्यान, रस्ता आणि जवळचा दवाखाना दाखवलेला; जागेचा दिवसा काढलेला फोटो; आणि जबाबदारी घेणाऱ्या दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. 'आम्ही सर्व युवक' ही सही कोणाचीच नसते. दोन नावं, दोन पत्ते, दोन मोबाइल नंबर. त्यातला एक तरी माणूस उन्हाळाभर गावातच असणारा हवा. परीक्षा झाली की मामाच्या गावाला जाणारा नको.

अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यातच दे. पुढे मार्चअखेरची धावपळ सुरू होते, बिलं, देयकं, वसुली, आणि तुझ्या चार माठांकडे बघायला कोणाला फुरसत राहत नाही. दोन प्रती घेऊन जा. एक तिथं द्यायची आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेऊनच बाहेर पडायचं. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समज. पाच-सहा दिवसांनी आवक क्रमांक सांगून विचारायला जा, तेही दुपारच्या जेवणाच्या वेळेत नको. कोणत्या टेबलावर आहे, काही कमी आहे का, एवढंच विचार. कमी असेल ते दुसऱ्या दिवशी नेऊन दे.

खूप दिवस काहीच हललं नाही, तर स्मरणपत्र दे, संदर्भात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक टाकून. तरी नाहीच झालं तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून 'माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेली कार्यवाही व टिपणीची प्रत' मागता येते, त्याला ३० दिवसांची मुदत आहे. पण उन्हाळा तोवर थांबत नाही. म्हणून मी सांगेन की अर्ज दिल्या दिवशीच जवळच्या दवाखान्याच्या व्यवस्थापनालाही एक पत्र दे, त्यांच्या आवारात फाटकाच्या आत दोन माठ ठेवू द्याल का म्हणून. ती त्यांची जागा, त्यांची एक सही पुरते. फुटपाथची परवानगी येईपर्यंत तिथून सुरुवात करता येईल. परवानगी नाकारली तर नकार लेखी आणि कारणासहित माग, शांतपणे. कारण कळलं की पुढचा अर्ज त्या कारणाचं उत्तर म्हणून लिहिता येतो.

परवानगी मिळाली की तिची एक झेरॉक्स पाणपोईवर बसणाऱ्याच्या खिशात रोज असू दे. अतिक्रमणाची गाडी आली की तिच्यावरच्या माणसांना तुझा आवक क्रमांक माहीत नसतो.

टेप घेऊन जागा मोजून आलीस की नवा मसुदा आण. एका पानात बसव. दुपारी चारनंतर मी घरीच असते, आपण दोघी बसून टिपणी लिहून बघू. ती पाच मिनिटांत लिहून झाली तर अर्ज दुसऱ्याच दिवशी झोनमध्ये नेऊन दे.

तुझी,
काकू