सिझनभराचं प्ले-कॉलिंग चांगलं होतं की वाईट, हे कसं ठरवायचं?

प्रश्न असा होता: «मी अटलांटात नवीन आहे, एनएफएल नुकतंच बघायला लागलोय. ऑफिसात २०१७ च्या फॉल्कन्सचा विषय निघाला की सगळे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर स्टीव्ह सार्किसियनला शिव्या घालतात आणि त्याच्या आधीच्या काइल शॅनहॅनला डोक्यावर घेतात. एखाद्याचं प्ले-कॉलिंग अख्ख्या सिझनसाठी चांगलं की वाईट हे सामान्य प्रेक्षकाने ठरवायचं कसं?»

फॉल्कन्स हा एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधला अटलांटाचा संघ. प्ले म्हणजे एक डाव; तो कुठला खेळायचा हे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाचा प्रशिक्षक, ठरवतो, तेच प्ले-कॉलिंग. आधी तुमच्या ऑफिसातल्या मंडळींना एक आकडा विचारून बघा. शॅनहॅनच्या पहिल्या वर्षी, २०१५ मध्ये, फॉल्कन्सने किती गुण केले? ३३९. आणि सार्किसियनच्या पहिल्या वर्षी, २०१७ मध्ये? ३५३. दोन्ही सिझन १६ सामन्यांचे, क्वार्टरबॅक (पास फेकणारा) दोन्हीकडे मॅट रायन, रिसीव्हर (पास झेलणारा) दोन्हीकडे ज्युलिओ जोन्स. उलट २०१५ मध्ये ज्युलिओने १८७१ यार्ड काढले होते, तरी संघ ८-८ (आठ विजय, आठ पराभव) वर थांबला आणि रायनने १६ इंटरसेप्शन दिले, म्हणजे त्याचे १६ पास समोरच्यांनी झेलले. तेव्हा इथले लोक शॅनहॅनलाच शिव्या घालत होते. आता कोणाला ते आठवत नाही, कारण मधे २०१६ आलं: ५४० गुण, लीगमध्ये सर्वाधिक. रायन एमव्हीपी (लीगमधला सर्वोत्तम खेळाडू), ४९४४ यार्ड, ३८ टचडाउन, फक्त ७ इंटरसेप्शन. त्याने त्या वर्षी १३ वेगवेगळ्या खेळाडूंना टचडाउन पास दिले, तो विक्रम होता.

३३९, ५४०, ३५३. पहिले दोन आकडे एकाच माणसाचे. प्ले-कॉलिंग हे एकट्या कॉलरचं कसब असतं तर एका वर्षात २०१ गुण कुठून आले? २०१५ आणि २०१६ च्या मधे क्लीव्हलँडहून सेंटर अॅलेक्स मॅक आला, सिनसिनाटीहून रिसीव्हर मोहम्मद सानू आला, सिझन सुरू होताना क्लीव्हलँडने सोडलेला रिसीव्हर टेलर गेब्रिएल जवळजवळ फुकटात मिळाला. ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे क्वार्टरबॅकसमोर उभं राहून बचावाला अडवणारे, पाचही जण १६ च्या १६ सामने सुरुवातीपासून खेळले, जे एनएफएलमध्ये फारच क्वचित होतं. शिवाय रायनचं त्या पद्धतीतलं दुसरं वर्ष. म्हणून एकूण गुणांवरून कॉलर जोखणं म्हणजे खेळपट्टी न बघता १६० धावा चांगल्या की वाईट हे सांगणं. त्यात बचावफळीने परतवून केलेले टचडाउनही मिसळलेले असतात, हे वेगळंच.

मग बघायचं काय? त्याआधी कॉल जातो कसा हे माहीत हवं. आधीचा प्ले संपला की ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. कोऑर्डिनेटर हेडसेटवरून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये बोलतो आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ आपोआप बंद होतो. पुढचं सगळं क्वार्टरबॅकचं. बऱ्याचदा हडलमध्ये (प्लेआधी खेळाडू घोळका करतात तिथे) दोन प्ले सांगितलेले असतात आणि बचावाची मांडणी बघून क्वार्टरबॅक पहिला रद्द करून दुसरा घेतो. त्यामुळे टीव्हीवर दिसलेला प्रत्येक प्ले कोऑर्डिनेटरच्या डोक्यातूनच आला असं धरू नका. उलट बाजूही आहे. कॉल वेळेत आत पाठवणं हे कॉलरच्या कामातच मोडतं. शॅनहॅनचे कॉल यायला वेळ लागायचा आणि बदल करायला फारसा अवकाश उरायचा नाही, असं रायनने नंतर सांगितलं होतं. हे आकडेवारीत कुठेच दिसत नाही.

मी स्वतः सिझन तपासताना फक्त ते प्ले वेगळे काढतो जिथे कॉलरला खरोखर निवड होती. डाउन म्हणजे १० यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एक. थर्ड डाउन आणि १२ यार्ड असताना पास येणार हे स्टेडियममधल्या पॉपकॉर्नवाल्यालाही ठाऊक असतं. तीन टचडाउनने मागे असताना चौथ्या क्वार्टरमध्येही तेच. तिथे कौशल्य खेळाडूंचं जास्त, कॉलरचं कमी. खरी परीक्षा पहिल्या आणि दुसऱ्या डाउनला, गुणफरक कमी असताना, हाफची शेवटची दोन मिनिटं वगळून. एनएफएलफास्टआर नावाचं मोफत पॅकेज आहे, त्यात १९९९ पासूनच्या प्रत्येक प्लेचा तपशील मिळतो. थोडं प्रोग्रॅमिंग येत असेल (आणि तुम्ही अटलांटाजवळच्या अल्फारेटाच्या आयटीतले असाल तर येतंच) तर एका संध्याकाळी ही चाळणी लावता येते. जिंकण्याची शक्यता २० ते ८० टक्क्यांच्या मधे असतानाचे प्ले ठेवा, बाकीचे बाजूला काढा.

त्या उरलेल्या प्लेंमध्ये मी सरासरी यार्डपेक्षा सक्सेस रेट बघतो. पहिल्या डाउनला हव्या असलेल्या यार्डांपैकी ४० टक्के मिळाले, दुसऱ्याला ६० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळाले तर प्ले यशस्वी. ढोबळ माप आहे, पण एखाद्या ८० यार्डांच्या धावेने सरासरी फुगते तशी ही फुगत नाही. त्याच्या जोडीला ईपीए, म्हणजे त्या प्लेमुळे संघाचे अपेक्षित गुण किती वाढले किंवा घटले. कॉलर पहिल्या डाउनला सवयीने रन (चेंडू घेऊन पळण्याचा प्ले) देतोय, आणि म्हणून दुसरा डाउन आणि ८-९ यार्ड अशी वेळ वारंवार येतेय, हे या चाळणीत लगेच दिसतं. मला विचाराल तर वाईट प्ले-कॉलिंगची सर्वांत खात्रीची खूण हीच. ओरड मात्र कायम थर्ड डाउनच्या कॉलवर होते, कारण पंट, म्हणजे लाथेने चेंडू समोरच्याकडे मारून देणं, त्यानंतर येतो.

आता आकड्यांत न मावणारा भाग, आणि शॅनहॅनचं मोठेपण इथे आहे. त्याच्या आउटसाइड झोन रनमध्ये लाइनचे पाचही जण एकाच दिशेला आडवे सरकतात, रनिंग बॅक फट बघून आत वळतो. तीच हालचाल, तीच मांडणी ठेवून रायन चेंडू देण्याचं नाटक करायचा आणि उलट्या बाजूला निघायचा. लाइनबॅकर (लाइनच्या मागे उभा असलेला बचावपटू) एक पाऊल चुकीच्या दिशेला गेला की त्याच्या मागे जागा मोकळी. २०१६ मध्ये फॉल्कन्स हे नाटक, म्हणजे प्ले-अॅक्शन, वापरण्यात लीगमध्ये आघाडीवर होते. लोक म्हणतात प्ले-अॅक्शन चालायला आधी रन चालायला हवा. आकड्यांचे अभ्यास करणारे सतत दाखवत आलेत की तसा संबंध फारसा सापडत नाही. लाइनबॅकर रनच्या हालचालीला फसतो, रनच्या सरासरीला नाही. ऑल-२२ फिल्म मिळाली तर, म्हणजे वरून घेतलेली ज्यात २२ ही खेळाडू दिसतात ती, एकाच मांडणीतून निघालेले तीन-चार वेगवेगळे प्ले शोधा. सिझनच्या सुरुवातीला दाखवलेल्या प्लेवरून डिसेंबरमध्ये उलटा डाव कसा टाकला ते दिसायला लागलं की सामना बघायची मजाच बदलते.

सार्किसियनकडे आराखडा तोच होता. मुख्य प्रशिक्षक डॅन क्विनने मुद्दाम तसं ठरवलं होतं, रायनला नवी भाषा शिकावी लागू नये म्हणून. पण २०१७ मध्ये तेच प्ले सुटे-सुटे यायचे. गेब्रिएलचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये त्याचे सहा टचडाउन कॅच होते, पुढच्या वर्षी एक. माणूस तोच, वेग तोच. त्याला मोकळ्या जागेत चेंडू मिळेल अशी आधीची तयारीच दिसायची नाही. न्यू इंग्लंडच्या त्या धुक्यातल्या सामन्यात तर एंड झोनपासून (जिथे टचडाउन होतो) एक यार्डावर, चौथ्या डाउनला, त्याच गेब्रिएलला आडवं पळवलं आणि पाच यार्ड मागे गेले. एक यार्ड हवा असताना संघातल्या सर्वांत चणीने लहान खेळाडूंपैकी एकाला बाजूरेषेकडे पळवणं, हा कॉल मी आजही कोणाला समजावून सांगू शकत नाही.

रेड झोनमध्ये (एंड झोनआधीच्या शेवटच्या २० यार्डांत) त्या संघाचं एकूणच गाडं अडायचं. ज्युलिओचे १४४४ यार्ड आणि टचडाउन फक्त तीन. सिझन संपलाही तिथेच. जानेवारी २०१८, फिलाडेल्फिया, १५-१० ने मागे, एंड झोनपासून नऊ यार्डांवर पहिला डाउन. दुसऱ्या डाउनला टेरॉन वॉर्ड या राखीव रनिंग बॅककडे शॉव्हेल पास (जवळून खालूनच ढकललेला पास). शेवटी चौथ्या डाउनला दोन यार्डांवरून रायन उजवीकडे पळत ज्युलिओकडे फेकतो, ज्युलिओ घसरतो, उठतो, चेंडू हातांतून जातो. रायनला एका बाजूला पळवलं की मैदानाचा अर्धा भाग आपणच बंद करतो, हा आक्षेप मला पटतो. वॉर्डचा प्ले तर साफच वाया.

पण हेही सांगायला हवं की त्या वर्षी यार्ड गुणांइतके कोसळले नव्हते. सामन्यामागे ४१५.८ वरून ३६४.८ वर आले, तरी लीगमध्ये आठवे. रायनच्या १२ इंटरसेप्शनपैकी बरेच चेंडू स्वतःच्या रिसीव्हरच्या हाताला लागून उडालेले होते. ते कॉलरच्या खात्यात टाकणं अन्याय आहे.

आणि शॅनहॅनचा सुपर बोल? तुमच्या ऑफिसात हा विषय जरा जपूनच काढा. ५ फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टन, समोर न्यू इंग्लंड, २८-३ ची आघाडी आणि ३४-२८ ने हार. लोक दोन कॉल धरून बसतात. पहिला: २८-१२ असताना, साडेआठ मिनिटं शिल्लक, स्वतःच्या ३६ यार्डांवर थर्ड डाउन आणि एक यार्ड. रन न देता पास दिला, रनिंग बॅक डिव्होन्टा फ्रीमनने न्यू इंग्लंडच्या हायटावरला अडवलं नाही, फंबल, म्हणजे रायनच्या हातून चेंडू सुटला. आदल्याच प्लेमध्ये दुसरा रनिंग बॅक टेव्हिन कोलमन जखमी होऊन बाहेर गेला होता. हा कॉल मला धाडसी वाटतो, मूर्खपणाचा नाही. ब्लॉक चुकला म्हणून तो फसला. दुसरा वेगळा आहे. २८-२० असताना ज्युलिओने बाजूरेषेवर तो अशक्य कॅच घेतला आणि चेंडू न्यू इंग्लंडच्या २२ वर आला. वेळ ४:४०. फील्ड गोल झाला तर आघाडी ११ ची, म्हणजे समोरच्याला दोनदा गुण करावे लागणार. मॅट ब्रायंटसारखा किकर, अंतर साधारण ४० यार्ड. एक रन झाला, एक यार्ड तोटा. मग पास, आणि १२ यार्डांचा सॅक (फेकण्याआधीच रायनला पाडलं). मग पुन्हा पास, होल्डिंगचा (समोरच्याला धरून अडवल्याचा) दंड, आणखी १० यार्ड मागे. २३ वरून ३५, ३५ वरून ४५, आणि शेवटी पंट. इथे पास यशस्वी झाला असता तरी मी कॉल चुकीचाच म्हटला असता, कारण मिळकत थोडी होती आणि गमावण्यासारखं सगळं होतं. त्या सामन्यात त्यांनी १८ रनमध्ये १०४ यार्ड काढले होते.

हाच फरक सिझनभर करायचा असतो: निकाल काय लागला ते बाजूला ठेवून त्या क्षणी पर्याय काय होते हे बघणं. तरीही त्या दोन प्लेंवरून २०१६ चं मोल कमी होत नाही. सिझनमध्ये प्ले हजाराच्या आसपास होतात. सुपर बोलच्या शेवटच्या आठ मिनिटांत शॅनहॅन चुकला आणि त्याआधीचे पाच महिने तो लीगमध्ये सर्वांत पुढे होता, ही दोन्ही वाक्यं एकत्र नांदू शकतात.

तुमच्या मंडळींना न आवडणारा भाग शेवटी. सार्किसियनच्या दुसऱ्या वर्षी, २०१८ मध्ये, फॉल्कन्सने ४१४ गुण केले. रायनचे ४९२४ यार्ड, ३५ टचडाउन, ७ इंटरसेप्शन, म्हणजे एमव्हीपीच्या वर्षाच्या अगदी जवळ. तेही फ्रीमन दुखापतीमुळे फक्त दोन सामने खेळलेला असताना आणि लाइनमधले दोन्ही गार्ड सिझनमध्येच गमावलेले असताना. संघ ७-९ राहिला तो मुख्यतः बचावामुळे, ४२३ गुण दिले होते. क्विनने वर्षाच्या शेवटच्या दिवशी तिन्ही कोऑर्डिनेटर काढले, त्यात सार्किसियनही गेला. मग त्याच्या जागी डर्क कटर आला, तोच रायन, तोच ज्युलिओ, आणि २०१९ मध्ये ३८१ गुण.

माझं मत विचाराल तर शॅनहॅन सरस, वादच नाही. २०१७ मधला सार्किसियन मध्यम, रेड झोनमध्ये कच्चा. २०१८ मधला चांगला. या सिझनला सुरुवात करायची असेल तर कुठलाही एक संघ घ्या, पहिले चार सामने सोडून द्या, कारण तेवढ्यात नमुना फार लहान असतो. पाचव्यापासून प्रत्येक ड्राइव्हचा फक्त पहिला आणि दुसरा डाउन लिहीत जा: मांडणी काय, रन की पास, किती यार्ड. थर्ड डाउन मुद्दाम लिहू नका. पहिले काही आठवडे फार कंटाळा येईल, कोरी पानं सोडू नका.