उत्तर: आगीच्या जुन्या बंबाचा सायरन गुरगुरतो, पण फिरत नाही

भाऊ, तुमची पोस्ट वाचली अन् माझं जुनं दुखणं पुन्हा ठणकलं. लिलावात घेतलेला जुन्या बंबाचा सायरन, मोटारसायकलच्या बॅटरीवर लावला की नुसता गुरगुरतो, वायर तापते, आणि कागद म्हणाल तर 'भंगार लोखंड, एक लॉट' एवढी पावती. ती पावती तर थेट माझीच वाटली.

बॅटरीचं लवकर आटोपतो. सायरनची ही सिरीज मोटर आहे, ट्रॅक्टरच्या सेल्फसारखी (स्टार्टर); म्हणजे फिरणारी गुंडाळी (आर्मेचर) अन् स्थिर गुंडाळी (फील्ड) एकामागे एक जोडलेली. थांबलेली असते तिथून सुटतानाच सगळ्यात जास्त करंट ओढते. अमेरिकेतल्या फेडरल कंपनीचा क्यू-टू-बी हा मोठा सायरन १२ व्होल्टवर चालताना १०० अँपिअरच्या आसपास घेतो. तुमचा लहान असेल, तरी हॉर्नची वायर अन् हॉर्नचं बटन त्याच्या कामाचं नाही. १०० अँपिअर वाहताना वाटेत ०.०२ ओहम जरी अडलं तरी २ व्होल्ट तिथंच खलास. ट्रॅक्टरची बॅटरी, सेल्फची जाड केबल, मध्ये सोलेनॉइड (बटनाच्या थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच), आणि बटन फक्त सोलेनॉइडला. बॅटरीजवळ फ्यूज टाका. नेमप्लेटवर २४ व्होल्ट असेल तर दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये.

पण करंट देण्याआधी आत पाणी शिरलेलं आहे का ते पाहा. माझं नुकसान तिथंच झालं, आणि ते एका कार्यालयाच्या कृपेनं. नाव घेत नाही, अजून तिथं कामं पडतात. मीही असाच सायरन लिलावात घेतला होता; पैसे भरले उन्हाळ्यात. माल उचलायला गेलो तर म्हणे सही करणाऱ्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांचं म्हणणं, हा लिलाव माझ्या काळातला नाही. बाबू यादी दाखवून विचारतो, "यात लोखंड आहे, सायरन कुठं आहे?" अरे, मग लोखंड म्हणून दे ना बाप्पा! तेही नाही. तोवर मृग लागला. सायरन आवारात उघड्यावर, तोंड आभाळाकडे करून पडलेला. शेवटी लिलावाच्या यादीची प्रत माहितीच्या अधिकारात मागितली, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, तेव्हा फाईल हलली. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं ना, म्हणून.

हाती आला तोवर दिवाळी उलटली होती. मागचं झाकण खोललं तर कार्बन (आर्मेचरला करंट देणारे ब्रश) होल्डरमध्ये गच्च बसलेले, ते ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासतात त्या कम्युटेटरवर हिरवा थर. टेस्ट लॅम्पचं एक टोक शाफ्टला अन् दुसरं कम्युटेटरला लावलं, तर दिवा पेटला. म्हणजे आर्मेचर अर्थ झालेलं, गुंडाळी आतून लोखंडाला टेकलेली! सायरनच्या किमतीच्या कितीतरी पट पैसा ते भरण्यात, म्हणजे नव्यानं गुंडाळण्यात, गेला.

तुमचा माल घरी आला आहे, हे नशीब समजा. तरी एक अर्ज द्याच: लॉटमधली वस्तू सायरन आहे, बॉडीवरचा नंबर अमुक, तशी नोंद करून मिळावी. उत्तराची वाट पाहू नका, आपल्या प्रतीवर आवक शिक्का तेवढा मारून घ्या. उद्या कोणी विचारलं तर तेवढा तरी आधार. मी वकील नाही, हे अनुभवाचं बोलणं आहे. आणि खात्याचा छाप घासून काढू नका. कितीही खरेदीचा असला तरी छाप घासलेला माल चोरीचाच वाटतो.

आर्मेचर भरायचं निघालंच तर पंपाच्या वाइंडिंगवाल्याकडे नेऊ नका. आपल्याकडे ते गावोगावी आहेत, विहिरीवरच्या मोटारींत त्यांचा हात धरणारा नाही, पण हे काम सेल्फ-डायनमोवाल्याचं. कम्युटेटर लेथवर घेतला की पट्ट्यांमधला मायका (करंट अडवणारा अभ्रक) थोडा खाली कापला की नाही, ते स्वतः उभं राहून पाहा. तो वर राहिला तर कार्बन उडतात अन् ठिणग्या पडतात. रोटर (आवाज काढणारं फिरतं चाक) काढायला पुलरच (ओढून काढायचं हत्यार) वापरा; जुनं ॲल्युमिनियम हातोड्यानं तडकतं. आणि रोटर काढलेला असताना मोटर पूर्ण व्होल्टेजवर चालवून पाहायचा मोह टाळा. भाराशिवाय सिरीज मोटर बेफाम सुटते.

पोळ्याला जीपवर लावायचं म्हणता, ते मला पटत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११९ वा नियम वाचा. असल्या आवाजाची सूट ॲम्ब्युलन्स, बंब, पोलीस अशा गाड्यांना आहे, तुमच्या-माझ्या जीपला नाही. लोखंडी स्टँडवर बसवा, शेतात वाजवा. तेही रात्री १० ते सकाळी ६ सोडून, शाळा-दवाखान्यापासून लांब. अन् आधी शेजारच्या धुऱ्यावर सांगून ठेवा, नाहीतर औताची बैलजोडी उधळते.

फिरायला लागला, पण आवाज दबका आला, तर उलटा फिरतो का ते बघा. बॅटरीच्या वायरी अदलाबदल करून काही होत नाही, फील्ड अन् आर्मेचर दोन्ही एकदमच उलटतात. फक्त फील्डची दोन टोकं बदलायची. ती तुमच्या मोटारीत कुठून निघतात त्याचा फोटो टाका, मग सांगतो.