प्रभागाचा व्हॉट्सॲप ग्रुप महापालिकेच्या कर्मचाऱ्याने कसा सांभाळावा?

पुण्यात क्षेत्रीय कार्यालयात नवीन आहात, साहेबांनी प्रभागाचा ग्रुप गळ्यात घातलाय आणि चुका कुठे होतात असं तुम्ही विचारलंय. सर्वांत जास्त चुका होतात ‘उद्या’ या शब्दाने.

गुरुवारच्या पाणीबंदीचंच घ्या. बुधवारी ‘उद्या पाणी नाही’ असं टाकलं की तोच मेसेज गुरुवारी रात्री सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आणि शुक्रवारसाठी टँकर सांगितले जातात. म्हणून वार लिहा, पूर्ण तारीख लिहा, वर्षही लिहा. वर्ष नसलेली इमेज पुढच्या उन्हाळ्यात परत उगवते. मग कारण एका ओळीत (‘पर्वती जलकेंद्रात विद्युत दुरुस्ती’ एवढं पुरे), भाग, आणि पुणेकरांना तोंडपाठ असलेलं ‘शुक्रवारी सकाळी उशिरा कमी दाबाने’. खाली पदनाम. भागांची नावं नुसती इमेजमध्ये ठेवू नका, मजकुरातही टाका. नाहीतर ‘सहकारनगर’ शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. चूक झाली तर १५ मिनिटांत एडिट करता येतं, पण तोवर कॉपी करून पुढे गेलेला मजकूर तसाच राहतो. तेव्हा वर ‘दुरुस्ती’ असं लिहून नवा मेसेज टाका.

खडकवासला धरणातून नदीत सोडलेल्या पाण्याचा, म्हणजे विसर्गाचा, आकडा जलसंपदा विभागाचा, तोही किती वाजताचा ते लिहून. आपला अंदाज जोडू नका. विसर्ग वाढला की पाणी शिरणाऱ्या नदीकाठच्या एकतानगरीतल्या माणसाला क्युसेकच्या आकड्यापेक्षा पार्किंगमधली गाडी कधी हलवायची हे हवं असतं. तशी सूचना वरून आली असेल तर ती पहिल्या ओळीत.

तक्रारीला ‘आजच करून देतो’ म्हणू नका. त्याचा स्क्रीनशॉट संध्याकाळी तुमच्याच ग्रुपवर येतो. तक्रार पीएमसी केअर या महापालिकेच्या तक्रार नोंदणी सेवेवर नोंदवायला सांगा, नंबर मिळाला की तो नंबर घालून उत्तर द्या. ग्रुपवरच्या तुंबलेल्या चेंबरच्या फोटोला नोंद नसते; पुढे विचारणा झाली तर हातात काही राहत नाही.

स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना मिळणारी मिळकतकराची ४० टक्के सवलत का गेली म्हणून कुणीतरी आख्खं बिलच ग्रुपवर टाकतो. त्यात नाव, पत्ता, कधी मोबाइलही असतो. ॲडमिन म्हणून तो मेसेज सर्वांसाठी डिलीट करा आणि त्यांना वेगळा मेसेज करून ही सवलत मागण्याच्या पीटी-३ अर्जाचं सांगा. तसंच योजनांच्या लाभार्थ्यांच्या यादीतून आधार आणि खाते क्रमांक काढल्याशिवाय ती कुठेही जाता कामा नये. खरं तर नुसत्या सूचना द्यायच्या असतील तर ग्रुपपेक्षा चॅनेल बरं, तिथे लोकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

तुमच्या खासगी खात्याबद्दल: शासनाने २८ जुलै २०२५ रोजी काढलेल्या सूचना स्थानिक स्वराज्य संस्थांनाही लागू आहेत. खासगी आणि कार्यालयीन खातं वेगळं, शासनाच्या धोरणावर टीका नाही, गोपनीय कागद फॉरवर्ड नाही, आणि गणवेश, बोधचिन्ह किंवा सरकारी गाडीसोबत रील नाही. आचारसंहितेच्या काळात ग्रुपच्या डीपीवर कुणा नेत्याचा फोटो नाही ना, तेही बघा.

ग्रुप स्वतःच्या सिमवर चालवू नका. कार्यालयाचा नंबर मागा, दुसरा ॲडमिन ठेवा, द्विस्तरीय पडताळणीचा सहा अंकी पिन लावा. बदली झाली की चार्ज देताना सिम आणि पिन दोन्ही यादीत लिहून द्या, सही घ्या.